दुर्मिळ अक्षरांचा शोध : इंग्रजी शब्दलेखनाचा एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘हॅव’ हा शब्द लिहिला की वर्गातील एखादे चौकस मूल प्रश्न विचारते. एच, ए आणि व्ही ही अक्षरे उच्चारात ऐकू येतात; शेवटचे ई मात्र ऐकू येत नाही. मग ते लिहावयाचे कशासाठी? या प्रश्नास बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे “इंग्रजीत तसेच असते, पाठ करा.” मूल गप्प बसते आणि शब्द पाठ करते.

असे दहा-वीस वेळा घडले म्हणजे मुलाच्या मनात एक समज घर करतो. इंग्रजीला कारण नाही, तेथे विचार करून उपयोग नाही, ज्याची स्मरणशक्ती दांडगी त्यालाच ती भाषा यावयाची, असा तो समज होय. गणितात आणि विज्ञानात ‘का’ विचारणारे तेच मूल इंग्रजीच्या तासाला मुके होते. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. त्यामुळे हा समज आता अगदी कोवळ्या वयातच रुजू शकतो. शब्दलेखनाचे गुण गेले तर ते पुढे भरून काढता येतात. परंतु प्रश्न विचारण्याची सवय एकदा मोडली की ती पुन्हा जडविणे फार कठीण जाते.

इंग्रजी शब्दलेखन अवघड आहे, यात शंका नाही. परंतु ते सर्वस्वी निष्कारण नाही. इंग्रजीने अनेक भाषांतून शब्द घेतले आणि त्या शब्दांबरोबर त्यांची अक्षरेही आली. यास्तव शब्दात एखादे दुर्मिळ अक्षर दिसले, किंवा नेहमीचे अक्षर अनपेक्षित जागी दिसले, की तो शब्द कोणत्या वाटेने आला याची ती खूण असण्याचा पुष्कळ संभव असतो. विशिष्ट अक्षरे असलेले शब्द मुलांनी स्वतः शोधावेत आणि त्या खुणा ओळखाव्यात, हा या पाठाचा उद्देश होय. पुढील मजकुरात अक्षरांची नावे दिली आहेत. फळ्यावर शिक्षकाने अर्थातच रोमन अक्षरे लिहावीत.

1. आरंभ मराठीपासून

पाठाचा आरंभ इंग्रजीने न करता मराठीने करावा. ‘ळ’ने सुरू होणारा एक शब्द सांगा, असे मुलांना विचारावे. मुले बराच वेळ आठवतील आणि अखेरीस असा शब्द मराठीत नाही असे त्यांच्याच ध्यानात येईल. मात्र मध्ये आणि शेवटी ‘ळ’ असलेले शब्द, जसे काळा, बाळ, फळा, ती झटकन सांगतील. भाषेत काही अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात, हा पहिला धडा येथेच मिळतो.

यानंतर डॉक्टर, ऑफिस, बॅट, हॉटेल हे शब्द फळ्यावर लिहावेत आणि त्यांत समान काय आहे ते विचारावे. डोक्यावर चंद्र असलेले हे स्वर मराठीत मुख्यतः इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठीच वापरले जातात. तद्वत ‘ऋ’ दिसला, जसे ऋतू, ऋण, ऋषी, की तो शब्द संस्कृतातून आला असे समजावे. म्हणजे शब्दाचा अर्थ ठाऊक नसतानाही केवळ अक्षरावरून त्याचे मूळ घर सांगता येते. हे मराठीत उमगले की इंग्रजीतील तीच गोष्ट परकी वाटत नाही.

2. कोणती अक्षरे दुर्मिळ?

हे शिक्षकाने सांगू नये, मुलांनी मोजावे. पाठ्यपुस्तकातील एक पान घेऊन प्रत्येक मुलास पाच ओळी वाटून द्याव्यात आणि त्या ओळींत प्रत्येक अक्षर किती वेळा आले याच्या खुणा करावयास सांगाव्यात. सर्वांची बेरीज फळ्यावर मांडली की बहुतेक वेळा ई सर्वांत पुढे आणि क्यू, झेड, एक्स, जे सर्वांत मागे असे चित्र दिसते. गणिताच्या तासातील सामग्रीचे वर्गीकरणही त्याच वेळी होते.

ही मोजणी पोरखेळ नाही, हे दोन उदाहरणांनी पटवून देता येईल. तारायंत्राच्या मोर्स संकेतलिपीत ई या अक्षरासाठी एकच टिंब आहे, टी साठी एकच रेघ आहे. क्यू साठी मात्र रेघ, रेघ, टिंब, रेघ अशा चार खुणा कराव्या लागतात. जे अक्षर वारंवार लागते त्याची खूण आखूड ठेवली की संदेश लवकर जातो, हे त्यामागील तत्त्व होय.

दुसरे उदाहरण ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळाचे आहे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930 नंतरच्या मंदीच्या काळात हा खेळ रचला. कोणत्या अक्षराला किती गुण द्यावेत हे ठरविण्यासाठी त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजली. या खेळाच्या इंग्रजी संचात 100 सोंगट्या असतात. त्यांपैकी 12 ई च्या आणि क्यू, झेड, जे, एक्स यांची प्रत्येकी एकच. ई ला 1 गुण, जे आणि एक्स यांना 8, तर क्यू आणि झेड यांना 10 गुण मिळतात. जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापून असा संच शाळेतच तयार करता येतो.

3. पहिला शोध : क्यू

क्यू च्या मागोमाग यू येतो, हे मुलांना क्वीन, क्विक, क्वेश्चन या शब्दांवरून ठाऊक असते. हा नियम इंग्रजीत मूळचा नव्हता. जुन्या इंग्रजीत क्वीन आणि क्विक हे शब्द सी आणि डब्ल्यू यांनी सुरू होत. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, राजदरबारी फ्रेंच भाषा आली आणि पुढे फ्रेंच वळणाने लिहिणाऱ्या लेखनिकांनी सी-डब्ल्यू च्या जागी क्यू-यू लिहिण्याची रीत पाडली. राज्य बदलले आणि घरच्या शब्दांचे लेखनही बदलले.

रांग या अर्थाचा ‘क्यू’ हा शब्द येथे अवश्य सांगावा. तो क्यू-यू-ई-यू-ई असा पाच अक्षरांनी लिहितात. पहिले अक्षर ठेवून पुढील चारही पुसली तरी उच्चार तोच राहतो! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शेपूट असा असून तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. रांगेला शेपटीची उपमा दिलेली पाहून मुले हसतील आणि ते अवघड लेखन सहसा विसरणार नाहीत.

आता खरा शोध सांगावा : क्यू आहे, परंतु त्यापुढे यू नाही, असे शब्द शोधा. शब्दकोश नसला तरी अडत नाही. जगाचा इंग्रजी नकाशा भिंतीवर असेल तर तोच पुरे. मुलांना त्यात इराक सापडेल, कतार सापडेल. अरबी भाषेत क च्या जातीचे दोन ध्वनी आहेत. त्यांपैकी घशाच्या खोल भागातून उच्चारला जाणारा ध्वनी रोमन लिपीत क्यू या अक्षराने दाखवितात. म्हणून यू ची सोबत नसलेला क्यू पुष्कळदा अरबी मुलखाकडे बोट दाखवितो. मुलांनी ऐकलेल्या ‘कव्वाली’ या शब्दालाही इंग्रजी कोशात स्थान आहे; तो क्यू ने सुरू होतो, त्यापुढे यू नाही आणि शेवटी आय आहे.

4. दुसरा शोध : शब्दाचे शेवटचे अक्षर

शब्दाच्या अखेरीस जे, व्ही किंवा आय असलेले शब्द शोधावयास सांगावेत. शब्दकोश पहिल्या अक्षरानुसार लावलेला असल्यामुळे येथे त्याचा थेट उपयोग होत नाही. मुलांना वाचावे लागते, आठवावे लागते. आणि तोच या शोधाचा लाभ आहे.

जे : शेवटी ज असा ध्वनी असला तरी इंग्रजी शब्द जे ने संपत नाहीत, तेथे जी-ई लिहितात. व्हिलेज, कॉलेज, ब्रिज ही उदाहरणे मुलांच्या परिचयाची आहेत. जे ने संपणारा इंग्रजी कोशातील प्रमुख शब्द म्हणजे ‘राज’. तो भारतातून गेला हे सांगण्याची गरजही पडणार नाही.

व्ही : येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पूर्वी यू आणि व्ही ही दोन निराळी अक्षरे नव्हती. एकाच अक्षराची ती दोन वळणे होती. त्यामुळे शब्दाच्या अखेरीस ते अक्षर स्वर म्हणून वाचावे की व्यंजन म्हणून, असा घोटाळा होई. पुढे ई लिहिला म्हणजे आधीचे अक्षर व्यंजन आहे हे कळे. हॅव, गिव्ह, लव्ह, फाइव्ह या सर्वांच्या शेवटी ई आहे तो यामुळे. अक्षरे पुढे वेगळी झाली, पण रीत राहिली. व्ही ने संपणारा प्रचलित शब्द शोधू लागल्यास तो क्वचितच सापडतो, आणि सापडला तर तो बहुधा मोठ्या शब्दाचे संक्षिप्त रूप असतो. ‘का’ विचारणाऱ्या मुलास आता खरे उत्तर देता येईल.

आय : ‘मी’ या अर्थाचे सर्वनाम सोडले तर आय ने संपणारे इंग्रजी शब्द बहुधा बाहेरून आलेले किंवा आखूड केलेले असतात. खाकी, साडी आणि धोतर यांसाठीचे इंग्रजी शब्द आय ने संपतात आणि ते भारतातून गेलेले आहेत. खाकी हा मुळात खाक म्हणजे धूळ या फार्सी शब्दापासून झाला असून धुळीचा रंग हा त्याचा अर्थ आहे. टॅक्सी हा मात्र टॅक्सीमीटर या लांब शब्दाचा तुकडा आहे.

5. तिसरा शोध : स्वर नसलेले शब्द आणि मधला वाय

‘एज्युकेशन’ हा शब्द फळ्यावर लिहून त्यातील स्वर मोजावयास सांगावेत. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर त्यात प्रत्येकी एकदाच येतात. नंतर याच्या उलट काम द्यावे : यांपैकी एकही स्वर नसलेला शब्द शोधा. मुले ड्राय, ट्राय, फ्लाय असे शब्द सांगतील. त्यांत स्वराचे काम वाय करतो आणि तो शेवटी असतो. मग शिक्षकाने ‘रिदम’ म्हणजे लय हा शब्द लिहावा : आर-एच-वाय-टी-एच-एम. सहा अक्षरे आहेत, परंतु त्या पाचांपैकी एकही स्वर नाही. आणि वाय मध्ये आहे.

स्वराचे काम करणारा वाय शब्दाच्या मध्ये आला की तो शब्द पुष्कळदा ग्रीक मुळाचा असतो. ग्रीक भाषेतील एका स्वरासाठी रोमन लोकांनी हे अक्षर घेतले होते. मुलांच्या रोजच्या परिचयातील सायकल, ऑक्सिजन, हायड्रोजन, सिस्टिम हे शब्द या गटातील होत. हायड्रोजन म्हणजे पाणी उत्पन्न करणारा. सायकल या शब्दाच्या मुळाशी चाक या अर्थाचा ग्रीक शब्द आहे आणि तो आपल्या ‘चक्र’ या शब्दाचा दूरचा नातलग आहे. विज्ञानाच्या पुस्तकात असे शब्द अधिक का दिसतात, असा प्रश्न मुलांनीच विचारला तर उत्तम. शास्त्रज्ञांनी नवी नावे ठेवताना ग्रीक भाषेचा आधार घेतला, हे त्याचे उत्तर होय.

6. चौथा शोध : झेड, आणि न उच्चारली जाणारी अक्षरे

झेड च्या गटात ‘झीरो’ हा शब्द मुलांना प्रथम आठवेल. त्याचा प्रवास फळ्यावर बाणांनी दाखवावा. संस्कृत ‘शून्य’ या संज्ञेचा अरबांनी आपल्या भाषेत ‘सिफ्र’ म्हणजे रिकामे असा अनुवाद केला. इटलीतील गणिती फिबोनाची याने 1202 च्या आपल्या ग्रंथात या शब्दाला लॅटिन वळण दिले. त्यापासून इटालियनमध्ये झीरो हे रूप झाले आणि पुढे ते इंग्रजीत पोहोचले. शब्दाचे रूप वाटेत बदलत गेले, परंतु कल्पना येथूनच निघाली होती.

बोलताना गळणाऱ्या अक्षरांचाही एक गट करावा. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ आणि शंका या अर्थाचा ‘डाउट’ या दोन्ही शब्दांत बी लिहितात, पण उच्चारीत नाहीत. हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत बी नव्हताच. पुढे लॅटिन मूळ दाखविण्याच्या हौसेने तो घालण्यात आला. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’ शब्दातील एस तर निव्वळ चुकीने आला. तो शब्द मूळचा इंग्रजी असताना त्याचे नाते एका लॅटिन शब्दाशी जोडले गेले. जे अक्षर मुलाने गाळले म्हणून त्यास आज लाल खूण मिळते, ते एकेकाळी जाणत्यांच्या चुकीने तेथे बसले होते! हे सांगितल्याने मुलाची चूक बरोबर ठरत नाही. पण ती मूर्खपणाची खूण आहे असे मात्र त्याला वाटत नाही.

7. वर्गातील मांडणी

या पाठास तीन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत मराठीची उदाहरणे व अक्षरमोजणी, दुसऱ्या तासिकेत दोन शोध व तिसऱ्या तासिकेत उरलेले दोन शोध घ्यावेत. यापुढील काम चिठ्ठ्यांचे आहे आणि ते वर्षभर चालू शकते. ज्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात तेथे एका इयत्तेचे हे काम स्वतंत्रपणे चालते.

जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कराव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द, त्याचा अर्थ, तो कोठे सापडला ते ठिकाण आणि शोधणाऱ्याचे नाव लिहावे. लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटे भिंतीवर लावून प्रत्येकावर एकेक गट लिहावा : ‘यू नसलेला क्यू’, ‘शेवटी आय’, ‘मध्ये वाय’, ‘न उच्चारलेले अक्षर’. पाठ्यपुस्तके, नकाशे, खतांची पोती, बियाण्यांच्या पिशव्या, यंत्रांवरील पाट्या हे सर्व शब्दांचे साठे होत.

या पद्धतीस मोठी परंपरा आहे. ऑक्सफर्डचा इंग्रजी बृहत्कोश अशाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला. सामान्य वाचकांनी आपल्या वाचनातील शब्द व वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठविली आणि संपादकांनी ती कप्प्यांत लावली. त्याचा पहिला भाग 1884 साली निघाला व मूळ योजना 1928 साली पूर्ण झाली. त्याचे प्रमुख संपादक जेम्स मरे हे स्कॉटलंडमधील एका खेड्यातील शिंप्याचे पुत्र. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली, पुढे ते स्वतः शिक्षक झाले आणि 1879 साली कोशाचे काम अंगावर घेतले तेव्हाही ते शाळेत शिकवीतच होते. 1915 साली त्यांचे निधन झाले. कोश पूर्ण झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाही. पण चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या होत्या, म्हणून इतरांना काम पुढे नेता आले.

शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर विशिष्ट अक्षरे असलेल्या शब्दांची यादी आज क्षणात मिळते. तिचा उपयोग पडताळणीसाठी अवश्य करावा. मात्र आयती यादी मुलांपुढे ठेवू नये. तसे केल्यास शोध शिक्षकाचा होतो आणि मुलांकडे पुन्हा पाठांतर उरते.

8. काही सावधगिरी

पहिली : दुर्मिळ शब्द पाठ करून घेऊ नयेत व परीक्षेत विचारू नयेत. चार गटांतील नेहमीचे शब्द मुलास लिहिता आले व त्यांचे कारण सांगता आले म्हणजे पाठ सफल झाला.

दुसरी : साबण, औषधे व यंत्रे यांवरील व्यापारी नावे वेगळ्या पाकिटात ठेवावीत. ती पुष्कळदा ठरवून बनविलेली असतात. ‘कोडॅक’ हे नाव जॉर्ज ईस्टमन याने 1888 च्या सुमारास केवळ के हे अक्षर आवडते म्हणून त्या अक्षराभोवती रचले; त्यामागे कोणत्याही भाषेचा इतिहास नाही.

तिसरी : अक्षर ही खूण आहे, पुरावा नव्हे. कारण ठाऊक नसेल तेथे शिक्षकाने “हे शोधावे लागेल” असे मोकळेपणाने सांगावे आणि तो शब्द ‘शंका’ असे लिहिलेल्या पाकिटात टाकावा. मुलांबरोबर शिक्षकही शोधतो आहे हे दिसले म्हणजे त्याचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

या तिसऱ्या सूचनेस एक उदाहरण फार समर्पक आहे. ‘मंगूस’ या इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या पाच अक्षरांत हंसासारख्या पाळीव पक्ष्याचे ‘गूस’ हे नाव जसेच्या तसे दिसते. गूस चे अनेकवचन ‘गीज’ होते. म्हणून मंगूस चे ‘मंगीज’ होत असावे, असे मुले म्हणतील. परंतु तसे होत नाही, कारण या शब्दाचा त्या पक्ष्याशी काहीही संबंध नाही. मग हा शब्द आला कोठून, असे मुलांना विचारावे आणि तो दोन-तीनदा मोठ्याने उच्चारावयास सांगावे.

शेताच्या बांधावरून सरसरत जाणारा तो प्राणी ज्या मुलाने पाहिला आहे, त्याला उत्तर सांगावे लागत नाही. तो शब्द मराठीतून गेलेला ‘मुंगूस’ आहे. इंग्रजीच्या शब्दकोशात आपल्या शिवारातील एक शब्द आधीच जाऊन बसला आहे, हे ज्या मुलाला कळले त्याला तो कोश परका वाटत नाही. आणि पुढच्या तासाला ‘का’ म्हणून विचारण्यास त्याचा हात पुन्हा वर जातो.